घर नंबर एकोणसत्तर

१

संदेश सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आला आणि साडेआठला हेरखात्याच्या प्रमुखांनी चौकशीबाईंना वर बोलावून घेतलं. बाईंना खरं नाव होतं, पण वीस वर्षं त्या खात्यातल्याच माणसांच्या चौकशा करत आल्या होत्या. त्या कॉरिडॉरमध्ये दिसल्या की चालू गप्पा थांबायच्या. नाव केव्हाच मागे पडलं होतं.

प्रमुखांनी कागद पुढे सरकवला. सीमेपलीकडच्या शहरात पहाटे ७९ नंबरच्या घरावर छापा पडला होता. ‘उंच, डाव्या पायाने किंचित लंगडणारा, नोंदणी कचेरीतला कारकून, फावल्या वेळात पुस्तकं बांधतो’ अशा माणसाची चौकशी झाली होती. त्या घरातला म्हातारा शिक्षक आणि त्याची सून यांना पकडून नेलं होतं.

“हा आपला माणूस का?” बाईंनी विचारलं.

“आपलाच, शिंपी. शब्दन् शब्द आपल्या फाइलीतला आहे. छापा घालणाऱ्यांनी घर चुकवलं म्हणून तो अजून मोकळा आहे. खिडकीतून गडबड बघितली आणि बायकोला घेऊन मागच्या दाराने सटकला. एका ओळखीच्याच्या माळ्यावर लपलाय, तिथूनच कुणाकरवी हा निरोप सीमेपार धाडला. साडेपाचला रेडिओला कान लावून बसेल, पुढे काय करायचं ते आपण सांगू म्हणून.”

शिंपी हे त्याचं खात्यातलं टोपणनाव. एकोणीस वर्षं तो माणूस तिकडून बातम्या पाठवत होता. त्याची फाइल दोन पानांची. पहिल्यावर माणूस आणि त्याचं घर, दुसऱ्यावर संकटात निसटायची वाट. कागद जीर्ण झाला म्हणून मंगळवारी ती पहिल्यांदा तिजोरीबाहेर काढून नव्याने टाइप केली होती. हाताळली चौघांनी: प्रमुख, उपप्रमुख, टायपिस्ट ताई आणि मास्तर.

“दुसरं पानही फुटलं असेल तर त्या वाटेवर त्याला पाठवणं म्हणजे हाताने फासावर चढवणं,” प्रमुख म्हणाले. “आणि नाही पाठवला तर उद्यापर्यंत ते शहरातलं घर न् घर धुंडाळतील. पाचपर्यंत मला सांगा, कोणी फोडलं आणि किती फोडलं.”

“आणि नाही सांगता आलं तर?”

प्रमुखांनी खण उघडून दुसरा कागद दाखवला. अटकेचा हुकूम होता. खाली फक्त सही बाकी होती.

वर मास्तरांचं नाव होतं.

२

मास्तर म्हणजे खात्याचा कणा. चौतीस वर्षांपूर्वी परकी रेडिओ केंद्रं ऐकून टिपणारा साधा कारकून म्हणून लागलेला माणूस, आता येत्या एक तारखेला प्रमुख होणार होता. शिंप्याला त्यांनीच मिळवलं होतं. खात्यातले निम्मे अधिकारी त्यांच्या हाताखाली शिकले होते, म्हणून तर मास्तर. आणि बाई नवख्या असताना एक टिपणवही बसमध्ये विसरल्या होत्या, तेव्हा भर बैठकीत उठून “ती माझ्या सांगण्यावरून बाहेर गेली” असं म्हणणारेही तेच.

उपप्रमुखांनी संदेश वाचला आणि ते लगेच म्हणाले, “७९ कसं? घर ६९ आहे. त्याच रांगेत पाच दारं पुढे गेले की हो ते!” मग खुर्ची पुढे ओढली. “बाई, राग नका मानू. प्रमुखपदासाठी माझं नाव मागे पडलं, म्हणून मी जळतो असं लोक म्हणतात. जळतोच. पण मला एवढंच सांगा, दोन पानं वाचायला मास्तरांना दोन तास दार लावून बसायला कशाला लागतं? आम्ही दहा मिनिटांत वाचून परत केली. वर दोन वर्षं त्यांनी वैद्यकीय तपासणी चुकवलीय. तपासणीत नाना प्रश्न विचारतात. माणूस कशाला घाबरतो?”

टायपिस्ट ताई बावीस वर्षं मास्तरांच्या कचेरीत होत्या. बाईंनी तिजोरीतला नवा कागद मागवून त्यांच्यासमोर ठेवला. ६९. आकडा मोत्यासारखा स्वच्छ. चुकून ७९ वाचण्याची सोयच नव्हती.

“ते दोन तास तुम्हीही आत होता, ताई.”

“होते.”

“काय चाललं होतं?”

ताईंनी पदर तोंडाला लावला. “कामच चाललं होतं.”

“ताई, तिकडे दोन जीव माळ्यावर बसलेत.”

“मला ठाऊक आहे!” ताई एकदम ओरडल्या आणि लगेच आवाज खाली आला. “मला काही विचारू नका. मी त्यांना शब्द दिलाय.”

३

“ये पोरी. डाव्या चपलेची टाच झिजलीय तुझी,” बाई दारात असतानाच मास्तर म्हणाले. त्यांचे कान पहिल्यापासून तिखट. एरवी बाई हसल्या असत्या.

“शिंप्याच्या मागावर छापा पडलाय, सर,” म्हणत त्यांनी संदेश मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी चष्मा लावला, कागद अर्धा मिनिट समोर धरला आणि खाली ठेवला. “वाईट झालं. पण शिंपी हिकमती आहे. धीर सोडायचा नाही.”

बाई थांबल्या. त्यांना वाटलं, अजून काही बोलतील. ते बोलले नाहीत.

“सर, मंगळवारी दोन तास फाइल घेऊन काय करत होता?”

“वाचत होतो.”

“दोन पानं?”

“एकोणीस वर्षं होती गं त्या दोन पानांत.”

“ताई कशाला होत्या आत?”

“माझी माणसं माझ्या खोलीत कशाला असतात, हे आता तुला सांगायचं का?” आवाज चढला. “वर हुकूम तयार आहे ना माझा? मला कळतं. चौतीस वर्षं याच कामात गेलीत.”

“मग मला मदत करा! मी तुमच्या बाजूने उभी राहायला बघतेय आणि तुम्ही मला उभं राहायला जागा देत नाही.”

बाईंची नजर टेबलाच्या कोपऱ्यातल्या इंटरकॉमवर गेली. त्यावरचा वाटाण्याएवढा तांबडा दिवा लागला होता. बटण खाली दाबलेलं होतं. या खोलीतलं अक्षर न् अक्षर बाहेरच्या खोलीत ऐकू जात होतं.

बाईंनी हात लांब करून बटण वर केलं.

“काय केलंस?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही.”

बाहेर आल्यावर त्या दारापाशीच थांबल्या. खोलीत शिरलं की आधी तारा तपासा, बटणं तपासा, हे ज्या माणसाने त्यांना शिकवलं, तोच माणूस समोर तांबडा दिवा जळत ठेवून बसला होता. मुद्दाम ठेवल्याशिवाय असं कसं होईल?

४

बाहेरच्या खोलीत बसायचे मास्तरांचे पीए. वय चाळिशीचं. वडील परराष्ट्र खात्यात असल्यामुळे बालपण आणि शिक्षण सगळं सीमेपलीकडे झालेलं. मराठी शुद्ध बोलायचे, पण जपून, काचेची भांडी मांडल्यासारखं. सगळे त्यांना ‘पाहुणे’ म्हणत.

“अकराला एकोणचाळीस नंबरच्या खोलीत या,” असं बाईंनी त्यांना फोनवर सांगितलं. पाहुणे सव्वाअकराला आले, धापा टाकत.

“माफ करा हं. वरच्या मजल्यावर गेलो होतो. तिथे कुलूप होतं.”

“बसा. भावाची काही खबर?”

पाहुण्यांचा चेहरा उतरला. त्यांचा थोरला भाऊ तिकडेच संसार थाटून राहिला होता. तीन वर्षांपूर्वी कसल्याशा बनावट आरोपावरून त्याला तुरुंगात टाकलं होतं. “पायाला जखम झालीय म्हणे. दर बुधवारी भावजयीशी फोन होतो, खात्याच्या परवानगीने. सरांकडे मी तीन अर्ज केले, की आपल्याकडच्या एखाद्या कैद्याच्या बदल्यात त्याला सोडवा. तिन्हींवर एकच शेरा: विचाराधीन.”

“राग येतो?”

“यायचा. आता थकलो.”

“शिंप्याची फाइल?”

“मी तिचं कव्हरसुद्धा पाहिलेलं नाही, बाई. तुम्ही नोंदी बघा.”

बाईंनी नोंदी पाहिल्या. फाइल पाहुण्यांच्या हाती कधी गेलीच नव्हती. इंटरकॉमचं म्हणाल तर त्यावरून जे ऐकू जायचं ते बोलणं. बंद खोलीत माणूस मनातल्या मनात वाचत असेल तर बाहेर काय ऐकू येणार? पाहुण्यांच्या नावावर त्यांनी काट मारली. प्रमुख आणि उपप्रमुख, दोघांनी दहा-दहा मिनिटं तिजोरीवाल्याच्या देखत फाइल वाचली होती आणि घराचा आकडा चुकलेला पाहून दोघेही लगेच बोलले होते.

यादीत आता मास्तर आणि ताई उरले. आणि ताई तर मास्तरांच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

५

भर दुपारी बाई मास्तरांच्या घरी गेल्या. काय शोधायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जिना चढताना दिसलं, प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली होती. पट्टी नवीकोरी होती.

वहिनींनी दार उघडलं. पलंगावर वाळलेले कपडे पडले होते. वहिनी बोलता बोलता मोज्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीला टाचणी टोचत होत्या. काळ्याला काळा, तपकिरीला तपकिरी.

“टाचण्या कशाला, वहिनी?”

“सकाळी घाई असते ना त्यांना.” वहिनींचा हात मात्र थांबला.

बाई त्या टाचणीकडे बघत राहिल्या. मग सकाळचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. संदेशात ७९ लिहिलं होतं. ज्याला खरं घर ठाऊक होतं, तो प्रत्येक जण तो आकडा वाचून चमकला होता. मास्तर कधी एक टेलिफोन नंबर विसरले नव्हते. पण कागद समोर धरून ते आकड्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

“वहिनी,” बाईंनी हळूच विचारलं, “त्यांना कधीपासून दिसत नाही?”

वहिनींनी हातातले मोजे खाली ठेवले. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

“मधलंच दिसत नाही गं. कडेकडेचं दिसतं. माणूस उभा आहे एवढं कळतं, तोंड कळत नाही. अक्षर तर नाहीच. चौदा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, आता परत यायचं नाही.” वहिनींना रडू आवरेना. “म्हणतात, एक तारखेला त्या खुर्चीत बसू दे. एक दिवस बसतो आणि मग माझ्या तोंडाने सांगतो. चौतीस वर्षांत सणवार नाही, पोराबाळांचं आजारपण नाही, काही बघितलं नाही त्यांनी. एक दिवस मागतात. कुणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडते.”

बाई उठल्या. म्हणजे तांबडा दिवा त्यांना दिसतच नव्हता. म्हणजे त्या दोन तासांत ताई फाइल वाचून दाखवत होत्या. मोठ्याने.

रस्त्याने चालता चालता बाईंनी घराचा तो आकडा स्वतःच्या तोंडाने उच्चारून पाहिला, ताईंनी उच्चारला असेल तसा.

“एकोणसत्तर.”

त्या भर रस्त्यात थबकल्या. मग वळल्या आणि पळतच सुटल्या.

६

चार वाजून वीस मिनिटांनी प्रमुखांच्या खोलीत सगळे जमले. बाईंनी पाहुण्यांनाही बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला.

“पाहुणे, मी सांगते ते आकड्यांत लिहा. बावीस. चौसष्ट. एकोणसाठ.”

पाहुण्यांनी लिहिलं. बाईंनी कागद उचलून सगळ्यांना दाखवला. २२. ६४. ६९.

“एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. पण ज्याने लहानपणी हे आकडे पाठ केलेले नाहीत, त्याला त्यातला साठच ऐकू येतो. साठ आणि वर नऊ. सकाळी मी यांना एकोणचाळीसमध्ये बोलावलं, हे एकोणपन्नासला जाऊन आले. ते आमचं कुलूपबंद भांडार. फाइल डोळ्यांनी वाचणाऱ्याला ६९ चं ७९ कधीच दिसलं नसतं. ही चूक कानाची आहे. ज्याने फोडलं त्याने फाइल वाचली नाही, ऐकली. इंटरकॉमचं बटण दाबून ठेवून.”

पाहुण्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“पण ऐकली म्हणजे?” उपप्रमुख म्हणाले. “वाचून कोण दाखवत होतं, आणि कुणाला? इथे सगळ्यांना वाचता येतं.”

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. एवढं एक वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडून काढायचं नव्हतं.

“मीच,” ताई पुढे झाल्या. “मला सवय आहे, टाइप केलेलं मोठ्याने—”

“ताई, बस,” मास्तर म्हणाले. ते टेबलाला धरून उठले. “मला. मला वाचता येत नाही. चौदा महिने झाले. मी सगळ्यांना फसवलं, तपासण्या चुकवल्या, ताईंकडून शब्द घेतला. हुकुमावर सही करा. पण आधी घड्याळ बघा. किती वाजले?”

“चार पस्तीस.”

“मग ऐका. पहिलं पान ताईंनी मला चार वेळा वाचून दाखवलं. मी पाठ करत होतो. दुसरं पान त्यांनी उघडलंही नाही. ती वाट मी स्वतः चालून लिहिली होती, ती वाचून घ्यायची मला गरज नव्हती. हो ना, ताई?”

“हो. सर म्हणाले, ते राहू दे.”

“म्हणजे वाट कुणीही ऐकलेली नाही. पाठवा त्याला.”

प्रमुखांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे कागदाकडेच बघत होते. “बटण मीच दाबायचो, पाण्याचा पेला ठेवताना. सरांना दिसत नाही हे मला केव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले. “बुधवारी फोनवर सांगितलं. तिकडचे लोक म्हणाले होते, सोमवारी भावाला सोडू. दुसऱ्या पानाचं मला काही माहीत नाही. असतं तर तेही सांगितलं असतं.” मग मास्तरांकडे वळून म्हणाले, “तीन अर्ज केले होते, सर. तेही तुम्हाला कोणी वाचून दाखवले नाहीत का?”

“पहिला मी स्वतः वाचला होता,” मास्तर म्हणाले. “तेव्हा दिसत होतं.”

साडेपाचला निरोप गेला. दोनदा. पलीकडून पोच द्यायची सोय नव्हती.

७

चौथ्या दिवशी दुपारी शिंप्याची बायको आली. एकटीच. वाळू वाहणाऱ्या होडीतून नदी ओलांडून, अंगावरच्या कपड्यांनिशी. खात्याच्या पाहुणेघरात बाईंनी तिला चहा दिला. तो तिने हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

“निरोप आम्ही दोघांनी ऐकला,” ती म्हणाली. “वाट बरोबर होती. कुणी आडवं आलं नाही. पण हे निघालेच नाहीत. म्हणाले, पलीकडच्या गुरुजींना माझ्यामुळे नेलंय. त्यांची सून पोटुशी आहे. मी सापडल्याशिवाय त्यांना सोडायचे नाहीत. मला होडीत बसवलं आणि स्वतः चालत चौकीवर गेले.”

“आणि गुरुजी?”

“सोडलं म्हणे दोघांना. होडीवाल्याने सांगितलं.”

शिंप्याचं काय झालं, हे तिने विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

मास्तर बाहेर उभे होते. आदल्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला होता. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की जे घडलं ते तिला मी सांगणार, दुसऱ्या कोणी नाही. बाईंनी त्यांना आत आणून खुर्चीपाशी सोडलं आणि त्या बाजूला झाल्या.

मास्तरांनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. डोळे, फाइल, ताईंचा आवाज, तांबडा दिवा, एक तारीख. ती ऐकत राहिली. चहावर साय धरली.

“एका खुर्चीसाठी?” शेवटी तिने विचारलं.

“हो.”

“एकोणीस वर्षं ते म्हणायचे, तिकडे एक माणूस आहे, तो डोळ्यात तेल घालून आपल्याला जपतो.”

मास्तरांनी मान खाली घातली.

“तुम्ही जा आता,” ती म्हणाली.

ते उठले, वळले आणि हात पुढे करून चालू लागले. त्या खोलीत दोन दारं सारख्याच रंगाची होती. ते भिंतीतल्या कपाटापाशी पोचले आणि त्याची कडी चाचपू लागले. बाई पुढे व्हायला निघाल्या, पण त्याआधी तीच उठली. कप खाली ठेवून ती त्यांच्याजवळ गेली, त्यांचा दंड धरला आणि पाच-सहा पावलं चालवत त्यांना खऱ्या दारापाशी आणलं.

“खाली उंबरा आहे,” ती म्हणाली.

मास्तरांनी पाय उचलून उंबरा ओलांडला. तिने दंड सोडला आणि दार लावून घेतलं.